रूढि : ठेव कीं ओझें?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत एक वाद वर्षांतून दोन-चार वेळां तरी हटकून निघतो. संक्रांत आली, श्रावण लागला, कोणाचें लग्न ठरलें किंवा कोणाचें वर्षश्राद्ध आलें, म्हणजे वडील मंडळी म्हणतात, "आपल्यांत असें चालत नाहीं," आणि तरुण मंडळी विचारतात, "कां चालत नाहीं?" पहिल्या वाक्याला कारण जोडलेलें नसतें आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ऐकून घेण्याइतकी सवड नसते. मग वडिलांना वाटतें, मुलें उच्छृंखल झालीं. मुलांना वाटतें, वडील हटवादी आहेत. आणि ज्या रूढीवरून हा कलह माजला, तिचा विचार मात्र कोणीच केलेला नसतो.

रूढि डोळे मिटून पाळणारा आणि ती डोळे मिटून मोडणारा हे एकमेकांचे शत्रु दिसतात खरे, परंतु डोळे दोघांचेही मिटलेलेच असतात. प्रस्तुत लेखांत रूढीची तरफदारी करावयाची नाहीं आणि तिच्यावर शस्त्रही उपसावयाचें नाहीं. वडिलार्जित मिळकत हातीं आली म्हणजे शहाणा गृहस्थ दप्तर उघडून बसतो. कोणती जमीन पिकाऊ आहे, कोणत्या घरावर कर्ज आहे, कोणता दागिना सोन्याचा आणि कोणता मुलाम्याचा, हें एकेक तपासतो. रूढींच्या बाबतींत हीच तपासणी कशी करतां येईल, एवढेंच येथें मांडावयाचें आहे. आणि तें मांडतांना मुख्य उदाहरण वाचकांच्या माजघरांतलेंच घेऊं. तें म्हणजे हळदीकुंकू.

शास्त्राची साक्ष

रूढीचा कैवार बहुधा शास्त्राच्या नांवानें घेतला जातो. म्हणून शास्त्रकार स्वतः रूढीविषयीं काय म्हणतात, तें प्रथम पाहिलें पाहिजे. धर्म कशावरून ओळखावा, हें सांगतांना मनूनें श्रुति, स्मृति, सदाचार आणि आपल्या अंतःकरणाचें समाधान अशीं चार गमकें दिलीं आहेत. याज्ञवल्क्याचा क्रमही जवळजवळ असाच आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. आचाराला धर्मांत मान आहे, ही पहिली. आणि त्याच्या शेजारींच विवेकबुद्धीलाही पाट मांडलेला आहे, ही दुसरी. याज्ञवल्क्यानें आणखीही एक पाऊल पुढें टाकलें आहे. एखादें कर्म धर्मानें सांगितलेलें असलें, तरी लोकांना तें तिरस्करणीय वाटूं लागलें असेल तर तें करूं नये, असें तो स्पष्ट म्हणतो. याच तत्त्वाचा आधार घेऊन पुढील निबंधकारांनीं पुष्कळ जुने आचार 'कलिवर्ज्य' या सदरांत घालून बंद केले. नियोग गेला, वडील मुलाला वांटणींत जास्त हिस्सा देण्याची चाल गेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत (1946) या कलिवर्ज्यांची सविस्तर छाननी केली आहे. ती वाचली म्हणजे आपले पूर्वज रूढि बदलीत नव्हते, हा भ्रम उरत नाहीं. ते बदलीत होते. फक्त बदलतांना ग्रंथाचा आधार शोधीत होते.

मीमांसकांनीं तर याहूनही बारीक विचार केला आहे. यज्ञांत वैसर्जन नांवाच्या होमाच्या वेळचें वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें, असा एक आचार होता. तो प्रमाण मानावा कीं नाहीं, हा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यांत शबरस्वामींनीं घेतला आहे. त्यांचें उत्तर असें कीं, या आचाराच्या मुळाशीं लोभ आहे हें उघड दिसतें. आणि असें लौकिक कारण डोळ्यांसमोर असतांना त्याला वेदाचें मूळ कल्पिण्याचें प्रयोजन नाहीं. यज्ञविद्येच्याच ग्रंथांत यज्ञ करविणाऱ्या ऋत्विजाच्या विरुद्ध हा निवाडा दिलेला आहे! ज्या चालीपासून एकाच पक्षाची थैली भरते, तिच्याकडे संशयानें पाहावें, हा धडा आम्हांला कोणा परदेशी पंडितानें शिकविलेला नाहीं.

आणखी एक साक्ष काढून हा भाग संपवूं, कारण तिचें काम पुढें पडणार आहे. आपस्तंबानें आपल्या धर्मसूत्राच्या शेवटीं असें एक मत नमूद केलें आहे कीं, ग्रंथांत न आलेले जे उरलेले धर्म, ते स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून समजून घ्यावे. आश्वलायनही विवाहाच्या प्रकरणाच्या आरंभींच सांगतो कीं, देशोदेशींचे आणि गांवोगांवचे आचार निरनिराळे असतात, ते विवाहांत पाळावे. म्हणजे कुळाचाराच्या प्रांतांत पोथीनें आपणहून माजघराकडे बोट दाखविलें आहे.

जुनेपणाचा पुरावा

"हें अनादि काळापासून असेंच चालत आलें आहे," हें वाक्य आपण फार सहज उच्चारतों. बौधायनाच्या धर्मसूत्रांत दक्षिणेकडील पांच आणि उत्तरेकडील पांच आचार दिले आहेत, ते पाहावे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशीं विवाह, पत्नीसह भोजन, शिळें अन्न खाणें हे दक्षिणेंतले. लोंकरीचा व्यापार, शस्त्रांचा धंदा, समुद्रप्रवास हे उत्तरेंतले. एकीकडचा आचार दुसरीकडे केला तर दोष लागतो, असें बौधायन म्हणतो. आणि गौतमाला हें मान्य नाहीं, असेंही तेथेंच सांगतो. म्हणजे इतक्या प्राचीन काळींही 'आपल्यांत' या शब्दाचा अर्थ विंध्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा होता, आणि त्यावर वादही होता. तो भेद आजही पुसलेला नाहीं. कित्येक देशस्थ घराण्यांत मामाची मुलगी हौसेनें सून करून आणतात. कोंकणस्थांना तें ऐकूनच संकोच वाटतो. 1955 च्या हिंदु विवाह कायद्यानेंही निषिद्ध नात्यांतील विवाहास मनाई करतांना, पक्षकारांची रूढि त्यास अनुकूल असेल तर अपवाद ठेविला आहे. मात्र रूढि म्हणजे काय, याची व्याख्याही त्याच कायद्यांत आहे: ती दीर्घकाळ अखंडपणें व एकसारखी पाळली गेलेली, निश्चित, आणि अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध नसलेली अशी असली पाहिजे. शबरस्वामींचा निवाडा आणि ही व्याख्या यांच्यामध्यें शेंकडों वर्षांचें अंतर आहे, पण चालीनें आपली योग्यता सिद्ध करावी, अशी अपेक्षा दोन्हींकडे आहे.

जवळच्या काळांतलें उदाहरण पाहा. 1890 सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांपुढें चहा-बिस्किटें आलीं, आणि त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतांच शहरांत मोठें वादळ उठलें. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तांचा प्रश्न निघाला, घरोघर पंक्तिव्यवहाराची चर्चा झाली. आज त्याच पुण्यांतील सनातनी म्हणविणाऱ्या घरांतही चहाचें आधण ठेवल्यावांचून सकाळ होत नाहीं, आणि तो कोणाच्या हातचा आहे हें विचारण्याचें कोणाला सुचत नाहीं. ज्या गोष्टीसाठीं थोरामोठ्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें, ती चार पिढ्यांत इतकी निरुपद्रवी ठरावी, यावरून आपणही आज ज्यासाठीं भांडतों त्याची किंमत जरा जपून ठरवावी.

परंतु सर्वच जुन्या चाली चहासारख्या हंसण्यावारी नेतां येत नाहींत. विधवेचें केशवपन ही चालही धर्माच्याच नांवानें चालली. विधवाविवाहाला कायद्याची संमति 1856 सालींच मिळाली होती. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं त्यासाठीं पराशरस्मृतीचा आधार पुढें केला होता. पण कायद्यानें दार उघडलें तरी समाजानें उंबरठ्यावर पाय ठेवूं दिला नाहीं. 1870 सालीं पुण्यांत शंकराचार्यांसमोर या विषयावर शास्त्रार्थ झाला आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेला. 1893 सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईंशीं, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या एका विधवेशीं, विवाह केला. तेव्हां मुरुडास त्यांच्यावर बहिष्कार पडला. 1896 सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, 1916 सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि 1958 सालीं त्याच अण्णांना राष्ट्रानें भारतरत्न अर्पण केलें. त्यांच्यावर बहिष्कार घालणारे लोक दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच कुटुंबवत्सल, देवधर्म करणारे, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणारे गृहस्थ होते. एवढेंच कीं, "ही चाल कोणाला काय भोगावयास लावते?" हा प्रश्न विचारण्याची त्यांना संवय नव्हती.

हळदीकुंकवाचीं दोन दारें

आतां हळदीकुंकवाकडे वळूं. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सोयीच्या दिवशीं घरोघर हळदीकुंकू होतें. आंब्याची डाळ, कैरीचें पन्हें, ओटींत भिजविलेले हरभरे आणि गौरीपुढें आरास. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दुसरा हंगाम. त्यांत तिळगूळ, वाण लुटणें, नव्या सुनेस काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. वरवर पाहणाऱ्या तरुणास यांत चार बायकांची गर्दी आणि खर्च एवढेंच दिसतें. परंतु ही चाल ज्यांनीं घातली, किंवा जिनें ती आपोआप घडविली त्या गरजेनें, एक मोठें काम साधलें होतें.

वाड्यांतल्या सुनेचें आयुष्य आठवा. पहांटेपासून रात्रीपर्यंत चूल, सोवळें, मुलें आणि मोठ्यांची मर्जी. माहेरीं जाणें वर्षांतून एखादे वेळीं. शेजारच्या वाड्यांत जावयाचें तर कारण सांगावें लागे आणि परवानगी घ्यावी लागे. हळदीकुंकवाच्या दिवसांत मात्र तिला कारण सांगावें लागत नसे; बोलावणें आलें म्हणजे जाणें हाच धर्म होता, आणि सासूचा शब्दही त्याच्या आड येत नसे. तेथें बसून ती काय ऐकत असे? कोणाचें मूल कोणत्या औषधानें बरें झालें, कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाच्या घरीं अडचण आहे, कोणती सून अलीकडे दिसत नाहीं आणि कां दिसत नाहीं. ज्या काळीं स्त्रियांना ना संस्था होती ना वर्तमानपत्र, त्या काळीं हें दोन्हींचें काम या समारंभानें केलें. वाणाची युक्तिही पाहण्यासारखी आहे. जी घेते तीच उद्यां आपल्या घरीं देणार. त्यामुळें देणारी मोठी आणि घेणारी लहान असा भेद राहत नाहीं. एवढी सुंदर व्यवस्था मोडून टाकावी, असें म्हणणाऱ्यानें प्रथम तिच्या जागीं काय ठेवणार हें सांगावें.

परंतु या समारंभाला पुढच्या दाराप्रमाणें एक मागचें दारही होतें. माझ्या लहानपणीं आमच्या वाड्यांत एक वृद्ध आत्याबाई होत्या. लाल आलवण, डोईवर पदर, हाताला विलक्षण चव. चैत्रगौरीच्या दिवशीं पहांटेपासून कैऱ्या किसणें, डाळ वाटणें, पन्ह्यांत वेलदोडा किती घालावा हें ठरविणें, सर्व त्यांचें. ओटीवर जमलेल्या बायका डाळ वाखाणीत, तें स्वयंपाकघरांत ऐकूं येई. आम्ही मुलें वाट्या नेत-आणीत असूं. आत्याबाई बाहेर येत नसत. त्यांना कोणी "येऊं नका" असें म्हणत नसे. म्हणावें लागतच नसे, यांतच त्या रूढीची सारी ताकद होती.

आज आलवण गेलें, केशवपन गेलें. तेव्हां हा प्रश्न मिटला, असें पुष्कळांना वाटतें. वाचकांनीं आपल्या घरच्या बोलावण्यांची यादी जरा आठवून पाहावी. शेजारच्या ब्लॉकमधील बाई बँकेंत अधिकारी आहे, सोसायटीचे हिशेब तीच पाहते, आपल्या मुलीला तिनेंच गणित शिकविलें. दोन वर्षांपूर्वीं तिचा नवरा गेला, आणि तेव्हांपासून संक्रांतीचें बोलावणें तिच्या दारावरून पुढें जातें. बोलावणाऱ्या बाईच्या मनांत द्वेष नसतो. "तिला वाईट वाटेल," असेंच ती म्हणते. आणि तीही दुसऱ्या दिवशीं भेटली म्हणजे गुडघे दुखत होते असें आपणहून सांगून सर्वांची सुटका करते. एकीनें विचारावयाचें नाहीं आणि दुसरीनें बोलावयाचें नाहीं, असा हा मूक करार आहे.

या करारावर पहिला उघड घाव शहरांतील सुशिक्षितांनीं घातला असता तर अभिमान वाटला असता. तो मान एका खेड्यानें घेतला. कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत हेरवाड म्हणून गांव आहे. तेथील ग्रामपंचायतीनें 4 मे 2022 रोजीं ठराव केला कीं, पतीच्या निधनानंतर पत्नीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद कराव्या. राज्य सरकारनें त्याच महिन्यांत, 17 मे रोजीं, परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं या ठरावाचा कित्ता गिरवावा असें सुचविलें. ठरावानें अंतःकरणें एका दिवसांत पालटत नाहींत, हें खरें. तरी जी गोष्ट कोणी मोठ्यानें बोलत नव्हता, ती चावडीवर बोलली गेली.

यावर कोणी म्हणेल, कुंकू हें सौभाग्याचें चिन्ह. पति नाहीं तेथें तें कसें? याचें उत्तर आपल्या घरांतील पाळण्यांतच आहे. आपल्याकडे मुलीला कुंकू तान्हेपणींच लावतात. बांगड्या ती खेळण्याच्या वयांत भरते, फुलें ती शाळेंत जातांना माळते. तीं तिला पतीनें दिलेलीं नव्हतीं. मग पतीबरोबर तीं कां जावीं? नवरा जिवंत असणें हें स्त्रीचें कर्तृत्व नव्हे आणि तो मरणें हा तिचा अपराध नव्हे. ज्या देवीपुढें आपण हळद-कुंकू वाहतों, तिच्या दरबारांत या कारणावरून कोणाला मागें बसविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तीन प्रश्न

येथवरच्या विवेचनावरून कोणत्याही रूढीला विचारतां येतील असे तीन प्रश्न निघतात. ते घरांतल्या मुलालाही समजतील इतके साधे आहेत.

पहिला: ही चाल कोणत्या कामासाठीं निघाली, आणि तें काम ती आज करते काय? हळदीकुंकू बायकांच्या भेटीगाठीसाठीं निघालें. आज नोकरीहून सात वाजतां परतणाऱ्या सुनेला शेजारणीचें नांवही ठाऊक नसतें. तेव्हां तें काम आज पूर्वीइतकेंच, किंबहुना अधिक, आवश्यक आहे. या प्रश्नांत हळदीकुंकू उत्तीर्ण होतें.

दुसरा: या चालीचा भार कोण वाहतो आणि लाभ कोणाला होतो? हुंड्याला हा प्रश्न विचारा. भार मुलीच्या बापावर, लाभ मुलाच्या बापाला. शबरस्वामींनीं सांगितलेला लोभ याहून उघडा कोठें दिसणार? 1961 सालीं हुंड्याला कायद्यानें बंदी झाली. पण 'मानपान' आणि 'हौस' हीं नवीं नांवें घेऊन तो अजून मांडवांत हिंडतो. हुंड्याला परंपरा म्हणणें हा परंपरेचा अपमान आहे. हळदीकुंकवालाही या प्रश्नाची कसोटी लागते. वाणाच्या वस्तूंत चढाओढ सुरू झाली, एकीनें स्टीलचा डबा दिला म्हणून दुसरीला चांदीची वाटी द्यावीशी वाटली, कीं साध्या मिळकतीच्या घरावर भार पडतो आणि मूळची बरोबरी नाहींशी होते.

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: या चालीमुळें दाराबाहेर कोण राहतो? या प्रश्नापुढें आपली सर्वांत मोठी रूढि, अस्पृश्यता, उभी करून पाहा. जुनेपणा हेंच प्रमाण मानावयाचें तर तिच्याइतकी प्रमाण रूढि दुसरी सांपडणार नाहीं. 20 मार्च 1927 रोजीं महाडास डॉक्टर आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. पाणी पिणें ही गोष्ट बंड ठरावी, एवढी ती रूढि बळकट होती. 1947 च्या मे महिन्यांत साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले, ते विठ्ठलाचें दार सर्वांना उघडावें म्हणून. पुढें राज्यघटनेनें सतराव्या कलमान्वयें अस्पृश्यता नष्ट केली, आणि मूलभूत हक्कांच्या आड येणाऱ्या रूढीलाही कायद्यासारखेंच रद्द ठरविलें. आपल्या वर्गानें या रूढीपासून लाभ घेतला आणि तिचा भार मात्र कधींच वाहिला नाहीं. म्हणूनच तिला तपासण्याची बुद्धि आपल्याला उशिरां झाली, हें मनाशीं कबूल केल्यावांचून परंपरेच्या थोरवीवर बोलण्याचा अधिकार पोंचत नाहीं.

टाकूं नये तें टाकलें

एवढें वाचून कोणी समजेल कीं, जुन्या चालींतून फार थोडें राखण्यासारखें निघेल. तसें नाहीं. तपासणी केली नाहीं म्हणजे वाईट तें राहतें, आणि चांगलें तें नकळत नष्ट होतें. याचें मला सर्वांत दुःख देणारें उदाहरण 'वार' हें आहे. गरीब विद्यार्थ्यानें आठवड्यांतील सात दिवस सात घरीं जेवावें, आणि त्या घरांनीं तो आपल्याच पंक्तीचा मानावा, अशी ती चाल होती. माधुकरी ही तिचीच बहीण. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रांतील कितीएक विद्वान् याच अन्नावर वाढले. पुण्यांत 1909 सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह माधुकरीच्याच आधारावर उभें राहिलें.

या चालीला तीन प्रश्न विचारले तर काय दिसतें? काम उत्तम. भार सात घरांवर वांटलेला, म्हणून हलका. तिसऱ्या प्रश्नाशीं मात्र ती अडखळते. कारण आपल्या पाटावर बसणारा मुलगा आपल्याच जातीचा असे. दाराबाहेर राहिलेल्या मुलांची सोय इतरांनीं केली. राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत 1901 पासून वसतिगृहें उघडविलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढें साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छताखालीं, एका पंक्तींत बसविलें. सुधारणा म्हणतात ती ही. आपण काय केलें? दार रुंद करण्याऐवजीं पानच उचललें. जेवणाच्या मेजावर आतां चौघांचीं ताटें असतात आणि पांचव्याची आठवण नसते. आजही खेड्यांतून शिकावयास आलेला मुलगा पुण्या-मुंबईंत एका वेळच्या जेवणावर दिवस काढतो. 1955 सालीं पुण्यांत निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था त्याला आधार देतात, तें योग्यच आहे. परंतु संस्थेला वर्गणी देणें आणि परक्या मुलाला 'बाळ, आणखी एक पोळी घे' म्हणणें यांत फरक आहे, आणि तो फरक आपल्या मुलांना कळावा म्हणून तरी आठवड्यांतला एक वार पुन्हां सुरू करण्यास काय हरकत आहे? मुलाची जात मात्र विचारूं नये.

बदल कसा करावा

शेवटीं व्यवहाराचें दोन शब्द. रूढि मोडणाऱ्यावर एक जबाबदारी असते: जें मोडावयाचें तें आधीं समजून घेणें. आजीला "हें सगळें खुळ आहे" असें ऐकविणारा नातू सुधारक नव्हे, त्यानें "आजी, हें कां करतात?" असें विचारून तिच्याजवळ अर्धा तास बसावें. त्या अर्ध्या तासांत त्याला जें मिळेल, तें पुस्तकांत मिळणार नाहीं. वडिलांवरही तितकीच जबाबदारी आहे. "आपल्यांत चालत नाहीं" हें उत्तर यापुढें देऊं नये. कारण ठाऊक असेल तर सांगावें. नसेल तर "आपण दोघे मिळून शोधूं" असें म्हणावें. त्यानें वडीलपणा कमी होत नाहीं.

दुसरें असें कीं, कुळाचारांतला बदल ज्यांच्या हातीं कुळाचार आहे त्यांनींच करावा, तर तो टिकतो. आपस्तंबाची साक्ष येथें उपयोगीं पडते. हळदीकुंकवाचें शास्त्र स्त्रियांचें आहे. त्याची घटनादुरुस्ती पुरुषांनीं ओटीवर बसून करूं नये. घरांतील सर्वांत वडील सुवासिनीनें बोलावणें करावें, कारण तिच्या शब्दाला जें वजन आहे, तें नव्या सुनेच्या शंभर युक्तिवादांना नाहीं. आणि तें बोलावणें तोंडानें, स्पष्ट झालें पाहिजे. वगळणें मौनानें झालें होतें. "ज्यांना यावयाचें त्यांनीं यावें, आमची ना नाहीं" एवढ्या मोघम उदारपणानें तें भरून निघत नाहीं. दार उघडें आहे हें सांगणें वेगळें आणि हात धरून आंत आणणें वेगळें.

मात्र जुलूम येथेंही नको. ज्या वृद्ध बाईनें पन्नास वर्षें एका रीतीनें काढलीं, तिला कुंकू लावून घ्यावेंसें वाटत नसेल तर तिच्या कपाळाशीं हट्ट करूं नये. तिला गौरीजवळ बसवावें, तिळगूळ तिच्या हातून वांटावा, वाण तिलाही द्यावें. काय लावावें आणि काय लावूं नये, हें तिनें ठरवावें. मनूनें सांगितलेलें अंतःकरणाचें समाधान तें हेंच.

तेव्हां परंपरेला मान द्यावा काय? द्यावा, घरांतल्या वडील माणसाला देतों तसा द्यावा. त्याचें ऐकावें, त्याच्या अनुभवाला वांकून नमस्कार करावा, आणि त्याच्या हातून कोणावर अन्याय होत असेल तर त्याच्याच भल्यासाठीं त्याला अडवावें. येत्या संक्रांतीस बोलावण्यांची यादी करतांना घरांतल्या सर्व स्त्रियांनीं एकत्र बसावें, नांवें मोठ्यानें वाचावीं, आणि आपल्या आळींतलें, आपल्या जिन्यावरचें, आपल्या स्वतःच्या घरांतलें कोणतें नांव राहून गेलें आहे, तें पाहावें. तें नांव यादीच्या शेवटीं लिहूं नये. पहिल्या चारांत लिहावें.